अर्ध्या गुणाचे अंतर

जपानमधील नागानो शहर. दिनांक २० फेब्रुवारी १९९८. हिवाळी ऑलिम्पिकमधील महिलांच्या फिगर स्केटिंगची अंतिम फेरी रंगात आली होती. शेवटच्या गटात सर्वांत आधी बर्फावर उतरली ती अमेरिकेची सतरा वर्षांची मिशेल क्वान. अंगात निळा पोशाख आणि गळ्यात आजीने दिलेली साखळी. विल्यम ऑल्विन या इंग्रज संगीतकाराने हार्पसाठी रचलेल्या ‘लायरा अँजेलिका’ या रचनेचे सूर घुमू लागले आणि पुढची चार मिनिटे प्रेक्षागृह त्या मुलीकडे पाहत राहिले. हवेत तीन वेढे घेणाऱ्या सात उड्या तिने घेतल्या. एकदाही तोल गेला नाही, पाऊल चुकले नाही. नऊच्या नऊ पंचांनी सादरीकरणासाठी सहापैकी ५.९ गुण दिले. सहा गुण मात्र एकानेही दिले नाहीत. पुढे उतरणाऱ्या खेळाडूंसाठी थोडी जागा शिल्लक राहिली होती.

ती जागा तिच्याच देशाच्या तारा लिपिन्स्कीने घेतली. पंधरा वर्षांची ही चिमुरडी जणू आनंदाने उधळत बर्फावर आली आणि अधिक अवघड उड्यांची जोडणी तिने लीलया पेलली. नऊपैकी सहा पंचांनी ताराला पहिले स्थान दिले, तिघांनी मिशेलला. सुवर्णपदक ताराकडे गेले. कुठलीही ठळक चूक न करता मिशेल दुसरी ठरली होती.

चुकून हरणे समजण्यासारखे असते. न चुकता हरणे मनाला अधिक लागते. मिशेल क्वानच्या जीवनाची कहाणी या दुसऱ्या प्रकारच्या पराभवाशी जडलेली आहे, आणि म्हणूनच ती जाणून घेण्यासारखी आहे.

बर्फावरचे गणित

आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही. त्यामुळे त्याची थोडी ओळख करून घेणे उचित ठरेल. स्केटिंगच्या बुटाखाली पोलादाचे पाते असते. त्याच्या मधोमध बारीक खोलगट खाच असल्यामुळे पात्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा मिळतात. खेळाडू सरळ उभा दिसत असला तरी बहुतेक वेळा तो यांपैकी एकाच कडेवर झुकलेला असतो. पात्याच्या टोकाशी दाते असतात. ते बर्फात रोवून काही उड्या घेतल्या जातात. तिहेरी उडीत खेळाडू एका सेकंदापेक्षाही कमी वेळात हवेत तीन वेळा फिरतो आणि एका पायावर, पाठीमागे सरकत, बाहेरच्या कडेवर उतरतो. कड बदलली, खांदा किंचित आधी उघडला, तर सगळे बिघडते.

त्या काळी गुणदानाची पद्धत अशी होती : प्रत्येक पंच दोन प्रकारचे गुण देई, एक तांत्रिक कौशल्यासाठी आणि दुसरा सादरीकरणासाठी. दोन्हींत सर्वोच्च गुण सहा. या गुणांवरून प्रत्येक पंचाचा क्रम ठरे आणि सर्व पंचांच्या क्रमांवरून खेळाडूचे स्थान निश्चित होई. पहिल्या दिवशीच्या लहान कार्यक्रमातील स्थानाला अर्ध्याने आणि दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या, मुक्त कार्यक्रमातील स्थानाला एकाने गुणून बेरीज करीत. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. नागानोत मिशेल लहान कार्यक्रमात पहिली आणि मुक्त कार्यक्रमात दुसरी आली. तिची बेरीज झाली अडीच. तारा आधी दुसरी आणि मग पहिली. तिची बेरीज दोन. अंतर अर्ध्या गुणाचे.

घर विकून घेतलेला बर्फ

मिशेलचा जन्म ७ जुलै १९८० रोजी कॅलिफोर्नियातील टॉरन्स या गावी झाला. वडील डॅनी क्वान मूळचे चीनमधले, आई एस्टेला हाँगकाँगची. दोघेही नशीब काढण्यासाठी अमेरिकेत आलेले. वडील टेलिफोन कंपनीत नोकरी करीत आणि जोडीला कुटुंबाचे एक उपाहारगृह होते. टॉरन्स हे समुद्रकाठचे, उबदार हवेचे गाव. तिथे हिमवर्षाव नाही. बर्फ होता तो यंत्राने गोठवलेला, छपराखालच्या रिंकमधला. थोरला भाऊ रॉन तिथे आइस हॉकी खेळू लागला, बहीण करेन स्केटिंग करू लागली आणि त्यांच्या मागे मागे पाच वर्षांची मिशेलही बर्फावर गेली.

पुढच्या काही वर्षांत दोघी बहिणींच्या अंगी असलेली चुणूक स्पष्ट झाली आणि त्याबरोबर खर्चाचे आकडेही. रिंकचे भाडे, प्रशिक्षकाचे मानधन, बूट, पाती, पोशाख, स्पर्धांचे प्रवास. मध्यमवर्गीय मिळकतीला न पेलणारा हा हिशेब होता. मुलींना शाळेच्या आधी सराव करता यावा म्हणून घर पहाटेच्या अंधारात जागे होई. पैशांची ओढाताण इतकी वाढली की क्वान दांपत्याने स्वतःचे घर विकले आणि कुटुंब आजीआजोबांच्या घरी राहावयास गेले. एक वेळ अशीही आली की प्रशिक्षकाला देण्यासाठी पैसे उरले नाहीत. अखेर लॉस एंजेलिसच्या स्केटिंग क्लबमधून मदतीचा हात पुढे आला आणि लेक ॲरोहेड या डोंगरातील प्रशिक्षण केंद्रात दोघी बहिणींची सोय झाली. वडील मुलींबरोबर तिथे राहू लागले आणि डोंगर उतरून टॉरन्सच्या नोकरीवर जाऊ-येऊ लागले.

या केंद्रात मिशेलला फ्रँक कॅरोल हे गुरू लाभले. शिस्तीचे, संयमी, घाई न करणारे. शिष्या मात्र घाईची होती. १९९२ मध्ये गुरुजी परगावी गेलेले पाहून बारा वर्षांच्या मिशेलने त्यांना न विचारताच वरिष्ठ गटाची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्णही झाली. परतल्यावर कॅरोल संतापले. मुलगी अद्याप त्या गटासाठी तयार नाही, हे त्यांचे मत होते. पण परीक्षा दिलेली होती, मागे फिरता येत नव्हते. मग गुरूने एकच अट घातली : आता दुप्पट कष्ट. १९९३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती सहावी आली.

राखीव खेळाडू

१९९४ च्या जानेवारीत डेट्रॉइट येथे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा भरली होती. लिलेहॅमर ऑलिम्पिकसाठी दोन खेळाडू तिथून निवडले जाणार होते. ६ जानेवारी रोजी सराव आटोपून बाहेर पडणाऱ्या नॅन्सी केरिगनच्या पायावर एका इसमाने दांडक्याने प्रहार केला. जगभर गाजलेल्या या प्रकरणाचे धागेदोरे पुढे तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंगच्या निकटवर्तीयांपर्यंत पोहोचले. जखमी केरिगन स्पर्धेत उतरू शकली नाही. हार्डिंग पहिली आली आणि तेरा वर्षांची मिशेल दुसरी.

नियमाप्रमाणे दुसरी जागा मिशेलच्या वाट्याला आली असती. परंतु निवड समितीने ती केरिगनला दिली आणि मिशेलला राखीव ठेवले. हा निर्णय न्याय्यच होता. केरिगनने जागा खेळात गमावलेली नव्हती. मिशेल नॉर्वेला गेली, सराव करीत राहिली आणि बोलावणे न आल्याने तशीच परतली. केरिगनने तिथे रौप्यपदक मिळविले. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती येता येता राहिलेले ते ऑलिम्पिक. बारा वर्षांनी याच प्रसंगाचे दुसरे टोक तिच्यासमोर येणार होते, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

शिखरावर

१९९५ च्या जागतिक स्पर्धेत मिशेल चौथी आली. उड्या सर्व घेतल्या होत्या, तरी पंचांना ती अजून लहान मुलगीच वाटत होती. कॅरोल आणि नृत्यरचनाकार लोरी निकोल यांनी ओळखले की, आता प्रश्न उड्यांचा नसून अभिव्यक्तीचा आहे. पुढच्या हंगामासाठी त्यांनी ‘सलोमी’ची कथा निवडली. १९९६ च्या मार्चमध्ये कॅनडातील एडमंटन येथे पंधरा वर्षांची मिशेल त्या प्राचीन राजकन्येच्या रूपात बर्फावर आली. तिच्या आधी चीनच्या चेन लूने अप्रतिम कार्यक्रम सादर करून सहापैकी सहा गुण मिळविले होते. मिशेलने तेही आव्हान स्वीकारले. कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, पाय थकलेले असताना, ठरलेली सोपी उडी सोडून तिने आयत्या वेळी आणखी एक तिहेरी उडी घेतली. ती जगज्जेती झाली.

पुढचे वर्ष पडझडीचे गेले. १९९७ मध्ये राष्ट्रीय आणि जागतिक ही दोन्ही विजेतेपदे ताराने पटकाविली. त्याच वर्षाच्या अखेरीस मिशेलच्या पायाच्या बोटाच्या हाडाला बारीक तडा गेला. त्यातून सावरून १९९८ च्या जानेवारीत ती फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिथे जे घडले ते या खेळाचे जाणकार आजही आठवतात. दोन कार्यक्रमांत मिळून पंचांनी तिला सहापैकी सहा असे पंधरा वेळा गुण दिले. एका पायावर, दुसरा पाय मागे उंच उचलून, हात पसरून रिंकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती घसरत जाई आणि मध्येच पात्याची कड बदली. ही तिची खास खूण झाली. तिथे उडी नसे, वेग थोडा आणि शांतता फार असे. प्रेक्षक त्याच क्षणाची वाट पाहत.

त्यानंतर महिन्याभराने नागानो आले.

त्या पराभवाला आणखी एक बोचरी कड होती. एका मोठ्या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळाने दिलेल्या मथळ्याचा अर्थ होता : अमेरिकी मुलीने क्वानला हरवले. जणू क्वान अमेरिकी नव्हतीच! कॅलिफोर्नियात जन्मलेली, अमेरिकेचा ध्वज छातीवर मिरविणारी ही मुलगी केवळ नाव आणि चेहरा यांमुळे परकी ठरली. संस्थेने नंतर क्षमा मागितली. पण चार वर्षांनी सिएटलच्या एका वृत्तपत्राने तसाच मथळा पुन्हा छापला आणि पुन्हा क्षमा मागितली. आईवडील ज्या देशात येऊन रुजले, त्या देशात आपले असणे कितीदा सिद्ध करावे लागते, हा प्रश्न स्थलांतरितांच्या घरोघरी ओळखीचा आहे.

सॉल्ट लेक सिटी

नागानोनंतर तारा लिपिन्स्कीने स्पर्धात्मक खेळाला रामराम ठोकला. मिशेल खेळत राहिली. १९९८, २००० आणि २००१ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली. २००२ चे ऑलिम्पिक अमेरिकेतच, सॉल्ट लेक सिटीत होणार होते. त्याआधीच्या काही महिन्यांत मात्र तिने एक अनपेक्षित पाऊल उचलले. लोरी निकोल यांच्यापासून आणि पाठोपाठ फ्रँक कॅरोल यांच्यापासून ती दूर झाली. प्रशिक्षकाविनाच ती ऑलिम्पिकला गेली. वडील सोबत होते.

लहान कार्यक्रमात ती पहिली आली. मुक्त कार्यक्रमाच्या रात्री सोळा वर्षांच्या सारा ह्यूजेसने, जी तोवर चौथ्या स्थानावर होती, आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम खेळ केला. मग ‘शेहेरजादी’च्या संगीतावर मिशेल उतरली. सुरुवातीच्या एका जोडउडीत तिचे दोन्ही पाय टेकले. पुढे तिहेरी फ्लिप या उडीत ती पडली आणि हात बर्फाला लागले. मुक्त कार्यक्रमात ती तिसरी आली. रशियाच्या इरिना स्लुत्स्कायाची आणि साराची बेरीज सारखीच, तीन झाली. मुक्त कार्यक्रम जिंकल्यामुळे सुवर्ण साराला आणि रौप्य इरिनाला मिळाले. मिशेलची बेरीज साडेतीन. कांस्यपदक. सुवर्णापासूनचे अंतर पुन्हा तेच, अर्ध्या गुणाचे.

स्पर्धेनंतर विजेत्यांचा प्रदर्शनी कार्यक्रम असतो. त्यात मिशेल सोनेरी पोशाखात आली. गीत होते ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’, अर्थात सोन्याची शेते. ती स्केटिंग करीत राहिली आणि डोळ्यांतून अश्रू वाहत राहिले. प्रेक्षक उभे राहिले होते. त्या रात्री पंच नव्हते, गुणफलक नव्हता.

येथे कहाणी संपली असती तरी कोणी तिला दोष दिला नसता. पण २००३ मध्ये वॉशिंग्टन येथे तिने पाचवे जागतिक विजेतेपद मिळविले आणि त्यामुळे अमेरिकी महिलांमध्ये कॅरोल हाइसच्या विक्रमाशी बरोबरी झाली. २००५ मध्ये तिचे नववे राष्ट्रीय विजेतेपद आले. हा मारिबेल विन्सन यांचा अनेक दशकांपूर्वीचा विक्रम होता. योगायोग असा की, १९६१ च्या विमान अपघातात मृत्युमुखी पडलेल्या विन्सन या फ्रँक कॅरोल यांच्या गुरू होत्या. शिष्येने आजीगुरूच्या पंक्तीत जाऊन बसावे, ही गोष्ट आपल्याकडील गुरुपरंपरेत वाढलेल्या माणसाला विशेष भावणारी आहे. दरम्यान, सॉल्ट लेक सिटीतील जोडी स्पर्धेच्या निकालावरून उठलेल्या वादळामुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून सहा गुणांची जुनी पद्धत मोडीत निघाली. प्रमुख स्पर्धांत सहापैकी सहा गुण सत्तावन्न वेळा मिळविण्याचा मिशेलचा पराक्रम त्या पद्धतीबरोबर इतिहासात जमा झाला.

जागा सोडताना

२००६ च्या तुरिन ऑलिम्पिकपूर्वी जांघेच्या दुखापतीमुळे मिशेल राष्ट्रीय स्पर्धा खेळू शकली नाही. तिने संघटनेकडे विशेष अर्ज केला. वीस विरुद्ध तीन मतांनी तो मान्य झाला. मात्र तिची तंदुरुस्ती पाहण्यासाठी पाच सदस्यांची समिती नेमण्यात आली. २७ जानेवारी रोजी समितीसमोर तिने आपले कार्यक्रम करून दाखविले आणि तिला हिरवा कंदील मिळाला. राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आलेली खेळाडू राखीव राहिली. ती होती एमिली ह्यूजेस, सारा ह्यूजेसची धाकटी बहीण.

तुरिनमधील पहिल्याच सरावात मिशेलची दुखापत पुन्हा उसळली. वय पंचविशीचे, तिसरे ऑलिम्पिक आणि हुकलेल्या सुवर्णाची ही शेवटची संधी. वेदनाशामक औषधे घेऊन बर्फावर उतरणे अशक्य नव्हते. प्रेक्षकांनी तिला डोक्यावरच घेतले असते. परंतु आपण पूर्ण ताकदीने खेळू शकणार नाही, हे तिला कळले होते. १२ फेब्रुवारी रोजी तिने माघार जाहीर केली. आपण सर्वतोपरी प्रयत्न केला, सुवर्ण नाही मिळाले तरी चालेल, हा एक खेळ आहे आणि तो सुंदर आहे, अशा आशयाचे शब्द तिने पत्रकारांसमोर, डोळे पुसत उच्चारले. न्यूयॉर्क परिसरातील हिमवादळामुळे थोड्या विलंबाने निघालेली एमिली तुरिनला पोहोचली आणि सातवी आली.

लिलेहॅमरला जी मुलगी राखीव म्हणून बोलावण्याची वाट पाहत परतली होती, तिनेच तुरिनला दुसऱ्या राखीव मुलीसाठी जागा मोकळी केली. पहिल्या वेळी निर्णय इतरांनी घेतला होता, दुसऱ्या वेळी तिने स्वतः. जागेवर आपला हक्क कधी असतो आणि तो कधी सोडायचा असतो, हे त्या बारा वर्षांत ती शिकली होती.

बर्फाबाहेर

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी मिशेलची सांस्कृतिक दूत म्हणून नेमणूक केली. २००७ च्या जानेवारीत तिचा पहिला दौरा झाला तो चीनचा, वडिलांच्या मायभूमीचा. खेळामुळे मागे पडलेले शिक्षण तिने निष्ठेने पूर्ण केले : २००९ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाची पदवी आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी ख्यातनाम असलेल्या फ्लेचर संस्थेची पदव्युत्तर पदवी. २०१२ मध्ये जागतिक फिगर स्केटिंगच्या सन्मानदालनात तिचा समावेश झाला. २०२२ मध्ये ती एका कन्येची माता झाली आणि त्याच वर्षी अमेरिकी सिनेटने मध्य अमेरिकेतील बेलीझ या देशातील राजदूतपदी तिच्या नियुक्तीस मान्यता दिली. जानेवारी २०२५ पर्यंत तिने हे पद सांभाळले.

ज्या मुलीला दोनदा मथळ्यांनी परकी ठरविले, ती परदेशात त्याच राष्ट्राची अधिकृत प्रतिनिधी झाली. टॉरन्समधील घर विकणाऱ्या दांपत्याने केलेल्या गुंतवणुकीचा परतावा सुवर्णपदकाच्या रूपाने आला नाही, हे खरे. पण तो आला नाही असे कोण म्हणेल?

ऑलिम्पिकच्या नोंदवहीत मिशेल क्वानच्या नावासमोर एक रौप्य आणि एक कांस्य एवढेच आहे. दोन्ही वेळा सुवर्ण अर्ध्या गुणाने हुकले. हा हिशेब बरोबर आहे आणि तो बदलणारही नाही. मात्र पाच वेळा जग जिंकणे, नऊ वेळा देश जिंकणे, पडल्यावर दुसऱ्या वर्षी पुन्हा उभे राहणे आणि वेळ येताच हसतमुखाने नव्हे तर ओल्या डोळ्यांनी, तरीही न कुरकुरता, जागा मोकळी करणे या नोंदी त्याच आयुष्याच्या वहीत आहेत. खाते तपासताना एकच पान पाहून चालत नाही. सगळी पाने उलटून पाहिली की शिल्लक किती मोठी आहे ते कळते.